फोटोतला शिपाई

४ फेब्रुवारी

धाकटू,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी सगळं ठीक आहे म्हणाले. फोन बाबांच्या खाटेच्या उशाशी आहे. त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं. म्हणून हे पत्र.

आधी तब्येत. उजवा हात आणि पाय आहेत तसेच. डावा हात चांगला चालतो. ते पहिल्यापासून डावरेच, त्यामुळे चमचा, कंगवा, रेडिओचं बटण सगळं जमतं. शब्द मात्र एकच उरलाय, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, उशी टोचली तरी बरं, माझ्यावर चिडले तरी बरंच, फक्त जरा जोरात. डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या त्या झटक्यात शब्दच गेले, म्हणून लिहिताही येत नाही. कळतं सगळं, पण हो आणि नाही यांची गल्लत होते. पेन्सिल दिली तर नुसत्या रेघा ओढतात आणि मग त्या रेघांकडेच डोळे वटारून बघत बसतात.

आता खरं कारण. बंदरावरच्या जुन्या जकात कचेरीत स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय उघडलंय. त्यांची जुनी वर्तमानपत्रं बांधून द्यायचं काम आमच्या ग्रंथालयाकडे आलं, आणि ग्रंथालयात बांधणी म्हणजे मी एकटी. मंगळवारी मापं घ्यायला गेले होते. आपल्या लोकांनी एक दगडसुद्धा न उचलता राज्य मिळवलं हे आपण शाळेत घोकलंय, पण तिथे खोल्याखोल्यांतून चालताना ते घोकलेलं अंगावर येतं. एका दालनात नुसत्या चपला आणि बूट मांडलेत. पुलावर तीन दिवस बसून राहिलेल्या माणसांना फरपटत नेलं तेव्हा मागे राहिलेले. कुणी ते पुसलेलेसुद्धा नाहीत.

पुढच्या दालनात भिंतभर तो फोटो आहे. तुला माहीत आहे तो, इतिहासाच्या पुस्तकात अंगठ्याएवढा होता. पुलावर बसलेली मुलगी, शेजारच्या माणसाच्या डोक्यावर तिने स्वतःचा हात धरलेला, आणि वर दंडुका उगारलेला शिपाई. पुस्तकातल्या शिपायाला तोंड नव्हतं. भिंतीवरच्याला आहे.

दंडुका डाव्या हातात आहे. कानाची वरची कड चुरगळल्यासारखी. आणि खालचा ओठ दातांत धरलाय, बाबा पाण्याच्या मीटरचं गंजलेलं झाकण उघडताना धरायचे अगदी तसा.

तिथे त्या फोटोची कार्डं मिळतात. एक पाठवतेय. तू दिवसभर भिंगांतच असतोस. नीट बघ आणि मला वेड लागलंय असं कळव.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

तुला वेड लागलेलं नाही, पण ते बाबा नाहीत.

दुकानात काचा तपासायचं मोठं भिंग आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याखाली कार्ड धरलं. फार जवळ नेलं की माणूस राहतच नाही, नुसते काळेपांढरे ठिपके होतात. लांब धरलं की वाटेल त्याचा चेहरा दिसतो. कान चुरगळलेले लोक मला रोज दुकानात दिसतात, चष्म्याच्या काड्या त्यांच्याच कानांवर बसत नाहीत. डावरे तर पैशाला पासरी. बाबा पहिल्यापासून पाणीखात्यात होते, तुलाही ठाऊक आहे, मलाही.

आणि समजा कुणी असला, तरी सव्वीस वर्षांचा माणूस, त्याला नोकरी असते, पोट असतं, वरून हुकूम येतो. आज आपण दिव्याच्या उजेडात उभं राहून भिंतीकडे बघणं सोपं आहे.

कुणाला काही बोलू नकोस. वर्तमानपत्रं ग्रंथालयातच मागवून घे, तिथे पुन्हा जायचं कारण नाही. तू थकली आहेस. दीड वर्ष एकटीने सगळं काढते आहेस, मला इथे घास गोड लागत नाही.

चिमणीचे पुढचे दोन दात पडलेत. आजोबांना चित्र काढलंय, सोबत आहे. हत्ती आहे म्हणते. मला तो सोफा वाटला.

धाकटा


२० मार्च

धाकटू,

हत्ती बाबांच्या खाटेसमोर चिकटवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि बरं म्हणाले.

ते बाबा नाहीत असं लिहितोस, आणि लगेच पुढे सव्वीस वर्षांच्या माणसाला पोट असतं असंही लिहितोस. शिपायाचं वय मी तुला कुठे कळवलं होतं? त्या वर्षी सव्वीसचे कोण होते ते आपल्या दोघांनाही बोटांवर मोजता येतं. ती ओळ मी चारदा वाचली. असो.

मी कार्डं दोन घेतली होती. दुसरं माझ्या बांधणीच्या सामानात, दोऱ्याच्या रिळांखाली ठेवलं होतं. घरी एक कोश शिवायला आणला होता. त्यासाठी रिळं टेबलावर ओतली आणि कार्ड वर आलं. मी उचलायच्या आत बाबांनी डाव्या हाताने घेतलं. रडले नाहीत, ओरडले नाहीत. कार्ड छातीवर पालथं ठेवून पडून राहिले. तीन दिवस आंघोळीलासुद्धा देईनात. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर पलंगाच्या काठावर बसून डाव्या हाताने डाव्या पायात बूट चढवत होते. मी विचारलं, तिथे जायचंय का? म्हणाले, ‘बरं.’ त्या शब्दाचं काय धरायचं, पण बुटाचं काय करू? शेजारच्या सुतारकाकांनी आणखी एकाला घेऊन त्यांना खुर्चीसकट चार जिने खाली उतरवलं.

फोटोसमोर एक बाक आहे, त्याच्या शेजारी मी चाकांची खुर्ची लावली. ते वर बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, काही तरी होऊ दे तोंडावर, म्हणजे मला कळेल. काही झालं नाही. नुसते बघत होते.

तेवढ्यात शाळेचा वर्ग आला. तिथे एक निवृत्त शिक्षिका माहिती सांगायला असतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. फार जीव ओतून सांगतात. त्या थांबल्या, बाबांसमोर वाकल्या आणि विचारलं, ‘आजोबा, तुम्ही होतात का त्या पुलावर?’

बाबांनी फोटोकडे बोट केलं. सरळ शिपायाकडे. मी बाजूलाच होते, बोट कुठे होतं ते मी पाहिलं. पण शिपायाच्या खालीच माणसं बसलेली, आणि तोंडाने ते म्हणाले, ‘बरं. बरं.’

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, नीट बघून घ्या, असं माणूस पुन्हा दिसायचं नाही. चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबा बोट खाली घेईनात. ते पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाढत होत्या.

मला तोंड आहे, धाकटू. मी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मी खुर्चीची चाकं फिरवली आणि घरी आले.

ताई


९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचलं. दुपारभर एकही काच धड घासली नाही, दोन फोडल्या.

आता लपवत नाही. ते बाबाच आहेत. मी इकडे यायला निघालो त्याच्या आदल्या आठवड्यात आईने मला सांगितलं. ती तेव्हा आजारीच होती. बाबा आधी पोलिसात होते, चार वर्षं. राज्य बदललं तेव्हा जुन्या शिपायांना वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकलं, त्यांना पाणीखातं मिळालं. गाव बदललं आणि दोघांनी ठरवलं की मुलांना सांगायचं नाही. मला का सांगितलं आणि तुला का नाही, हे मी तिला विचारलं होतं. म्हणाली, तू लांब चालला आहेस, तुला त्यांचं तोंड रोज बघायचं नाही. ताई इथेच राहणार.

दंडुका पडला की नाही, एवढंच तुला हवंय ना? आईलाही माहीत नव्हतं. फोटो क्षणभराचा असतो. उगारलेला हात खाली येतोच असं नाही.

माझं ऐक. बाबा पुलावर होते, हे खोटं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या, वाजवू देत. तू काही खोटं बोललेली नाहीस, गप्प राहिलीस. गप्प राहणं हा गुन्हा असता तर आपलं अख्खं घर तुरुंगात असतं. पुन्हा तिकडे नेऊ मात्र नकोस.

धाकटा


४ मे

धाकटू,

अकरा वर्षं. आईला जाऊन दहा झाली. अकरा वर्षं तू दर रविवारी फोनवर बाबांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यास आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाहीस. तू नसताना मी या माणसाची नखं कापते, दाढी करते, त्यांना न्हाणीघरात नेते. आणि मला कळलं ते भिंतीवरून. तीन आठवडे तुला पत्र लिहिलं नाही ते यासाठी.

आता ऐक, कारण गोष्ट माझ्या हातात राहिलेली नाही. बाईंनी बाबांचं नाव आणि पत्ता सुतारकाकांकडून काढला. बावीस मेला पुलाच्या घटनेचा दिवस पाळतात. त्या दिवशी बसलेल्यांपैकी जी माणसं अजून हयात आहेत त्यांना पदक देणार आहेत. अकरा होती, बाईंनी बाबांना बारावं केलं. छापील निमंत्रण आलं. मी ते घेऊन संचालकांकडे गेले, सगळं सांगायचंच असं ठरवून. ते उभे राहिले, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, तुमच्या वडिलांसारख्यांमुळे आम्ही इथे बसलोय. मी म्हणाले, त्यांना जिने उतरता येत नाहीत. ते म्हणाले, माणसं पाठवू, गाडी पाठवू. मी आभार मानले. आभार मानून बाहेर आले, असली मी शूर.

घरी येऊन बाबांना विचारलं. सरळच विचारलं, तुम्ही तिला मारलंत का? ‘बरं.’ नाही मारलंत? ‘बरं.’ मग दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर ‘मारलं’, दुसरीवर ‘नाही मारलं’. त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांना वाचता येतं की नाही तेही मला माहीत नाही. त्यांनी दोन्ही जवळ ओढल्या, वर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी हात उचलायला गेले तर उचलू देईनात.

मी काय करू ते सांग. या वेळी खरं सांग.

ताई


१९ मे

ताई,

जाऊ नका. ताप आलाय म्हणून कळव. सुतारकाकांना सांग, ते निरोप देतील. मी सप्टेंबरात रजा काढून येतो, मग आपण दोघं मिळून संचालकांशी बोलू. दुकानातला फोन बिघडलाय, बाहेरून तीनदा लावला, कुणी उचलत नाही. पत्र जलद टपालाने टाकतोय.

धाकटा


१ जून

धाकटू,

तुझं जलद टपाल तेवीसला आलं. फोन मी काढून ठेवला होता, रोज कोणी ना कोणी अभिनंदन करायला करत होतं.

आम्ही गेलो. मी सबबी शोधत होते, पण गाडी आली तेव्हा बाबा बूट घालून तयार बसले होते, दोन्ही पायांत. उजवा त्यांनी कसा घातला देव जाणे.

बारा खुर्च्या फोटोखाली मांडल्या होत्या. बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर फोटोतली मुलगी होती. आता साठीच्या आहेत. आयुष्यभर हिवतापाच्या दवाखान्यात चिठ्ठ्या लिहायचं काम केलं म्हणे. बाबांना त्यांनी मानेनेच नमस्कार केला. ओळखलं नव्हतं.

संचालकांनी बाबांच्या मांडीवर पदकाची डबी ठेवली. बाबांनी ती डाव्या हाताने खाली ढकलली. लोकांना वाटलं, निसटली. कुणी तरी उचलून पुन्हा ठेवली. त्यांनी पुन्हा ढकलली. हॉलमध्ये जरा हसू आलं, प्रेमाचंच. तिसऱ्यांदा संचालकांनी पदक डबीतून काढलं आणि वाकून त्यांच्या कोटाला लावू लागले. बाबा मान वळवत होते, हात झटकत होते, आणि ‘बरं, बरं, बरं’ म्हणत होते, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माणसाला कोंडून बाहेरून कडी घालावी आणि वर कौतुक करावं, तसं.

मी जाऊन ध्वनिक्षेपक धरला. भाषण नव्हतंच. म्हणाले, ‘हे माझे वडील. हे पुलावर होते, पण बसलेले नव्हते.’ आणि वर दाखवलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बारांपैकी एक गृहस्थ उठले आणि काठी टेकत निघून गेले. संचालकांनी माझ्या हातातून ध्वनिक्षेपक हळूच काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे नाही, आपल्या हातांकडे बघत होत्या.

मग त्या फोटोतल्या बाई बाबांकडे वळल्या. मी धावत तिथे गेले आणि मूर्खासारखं विचारलं, तो दंडुका पडला का? त्यांनी बाही वर केली. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे. म्हणाल्या, ‘पडला. हाड जुळलं, वाकडं जुळलं.’ आवाजात काहीच नव्हतं, पत्ता सांगतात तसं.

बाबा त्यांच्याकडे बघून बोलायला लागले. एकच शब्द, पण वाक्यासारखा, चढउतार करत, थांबत, पुन्हा सुरू करत. तोंडावरून पाणी वाहत होतं. एवढं लांब ते दीड वर्षात बोलले नव्हते. त्या ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, ‘हे काय म्हणताहेत?’

मी म्हणायला हवं होतं की माफी मागताहेत. सगळे तेच ऐकायला टपले होते. एक वार्ताहर कॅमेरा घेऊन पुढे आला होता, त्या बाईंना खाली बसायला सांगत होता, फोटोतल्यासारखं. पण मला माहीत नाही ना ते काय म्हणत होते. माफी असेल. मला हुकूम होता असंही असेल. मी म्हणाले, ‘मला माहीत नाही.’

त्या म्हणाल्या, ‘मग मी तरी कशाला काय उत्तर देऊ?’ बाही खाली केली, पर्स उचलली आणि गेल्या. कठोरपणे नाही. थकून.

आता पुढचं. मी दिसले की सुतारकाका दुसऱ्या जिन्याने जातात. खुर्ची उचलायला कुणी नाही, त्यामुळे बाबा घरातच आहेत. परवा संचालकांचं पत्र आलं. त्यांच्या मंडळाने ठरवलंय, फोटोखाली शिपायाचं नाव घालायचं. बसलेल्यांची नावं आहेत, मारणाऱ्याचंही असावं, असं. फोटोतल्या बाईंना विचारलं, त्यांनी तुमची मर्जी म्हणून कळवलं. पण बाबांना संमती देता येत नाही, म्हणून आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. कागद सोबत आहे. माझी केली आहे. का केली ते मला नीट सांगता येणार नाही. तू नाही म्हणालास तर मी भांडणार नाही, भांडायला अंगात काही उरलेलं नाही.

फक्त एक सांग. आईने एवढंच सांगितलं नसणार. ती एवढंसं सांगायला मुलाला समोर बसवणारी बाई नव्हती.

ताई


२३ जून

ताई,

तुझं बरोबर आहे. एक गोष्ट मी मागे ठेवली होती. तुलाच नाही, बायकोलाही सांगितलेली नाही. सांगितली तर बाबांचं काय उरेल, असं वाटायचं.

आईने मला सांगितलं ते दंडुक्याबद्दल नव्हतंच. त्यांचं लग्न होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पुलावर काय झालं ते तिला दुपारीच शेजाऱ्यांकडून कळलं होतं. ती दाराशी उभी होती. तिला वाटत होतं, हा माणूस आता मोडून येईल आणि आपण त्याला सावरायचं. काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. बाबा आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. नेहमीसारखे जेवले. भाजी चांगली झालीय म्हणाले आणि आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं. तिने वाढलं. मग ते झोपले आणि त्यांना गाढ झोप लागली.

आई म्हणाली, मारलं असतं आणि रडले असते तर मी जन्मभर त्यांच्याशी सुखाने संसार केला असता. नाहीतर बोलले तरी असते. तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी काढलं नाही. ते चांगले वागले, ताई. आपल्यावर कधी हात उगारला नाही, हे तूही पाहिलंस. पण ती म्हणाली, ते जेवताना समोर बसले की मला दर वेळी तेच ताट दिसायचं.

म्हणून ते त्या बाईंशी काय बोलत होते, ते मलाही सांगता येणार नाही. तू म्हणतेस माफी असेल. मलाही तसं म्हणावंसं वाटतं. जेव्हा बोलता येत होतं तेव्हा ते बोलले नाहीत आणि आता बोलताहेत तर ऐकून कळणारं कुणी नाही. मी सप्टेंबरात येईन, त्यांच्याजवळ बसेन, ते बरं म्हणतील, आणि मी काय करू? खुर्ची उचलायला दोघं लागतात एवढंच खरं. एक मी असेन, दुसरा कुणी मिळाला तर खाली नेऊ.

कागदावर सही केली आहे, सोबत पाठवतोय. संचालकांना एवढं सांग की नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट. नुसतं आडनाव लिहिलं तर लोक भलत्याच कुणाला तरी धरतील.

धाकटा